मांजरांचें वैद्यक आणि पशुवैद्यांचें उच्च शिक्षण

शेतकऱ्याच्या घरीं ज्या मुक्या प्राण्यांचा राबता असतो त्यांपैकीं बैल, गाय, म्हैस व शेळी यांचा हिशेब सर्वांस तोंडपाठ असतो. मांजराचा हिशेब मात्र कोणीच ठेवीत नाहीं. आमची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. त्या काळांत नुकसानीचे पंचनामे व याद्या आम्हीं पुष्कळ लिहिल्या. दुभतें जनावर, ओढकामाचें जनावर, शेळ्यामेंढ्या व कोंबड्या यांस रकाने असत. मांजरास रकाना कधींच नव्हता. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेंत कुत्रा व ससा मोजला गेला, फार काय हत्तीही मोजला गेला; परंतु मांजर मोजलें गेलें नाहीं. ज्याची मोजदाद होत नाहीं त्याच्या दुखण्याची विचारपूसही होत नाहीं, हा जगाचा नियमच आहे.

आमच्या कुरुंद्याच्या व एकंदर वसमत तालुक्याच्या शिवारांत हळद, सोयाबीन, तूर, हरभरा व ज्वारी हीं पिकें निघतात. बाजारभावाची वाट पाहत माल घरांत किंवा आखाड्यावर पडून राहतो, आणि तेथें उंदीर येतो. उंदीर जितकें खातो त्याहून अधिक नासतो. लेंड्या व मूत्र यांनीं धान्य बिघडतें आणि पोतीं कुरतडलीं जातात तीं निराळींच. मांजर एकटें उंदरांचा समूळ नायनाट करीत नाहीं हें खरें. थोराड घूस तर त्यास जुमानीतही नाहीं. तथापि ज्या घरांत मांजराचा वावर आहे तेथें लहान उंदीर निर्धास्तपणें घर करीत नाहींत, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. म्हणून मांजराच्या वैद्यकाचा प्रश्न हा शहरांतील हौशी लोकांपुरता नसून आपल्या कणगीशींही त्याचा संबंध आहे.

“मांजरास डॉक्टर कशाला? एक गेलें तर दुसरें येईल,” असें कित्येक बंधू म्हणतील. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, मांजरें दुखण्यानें मरतात तशींच तीं आपण दयाबुद्धीनें दिलेल्या औषधानेंही मरतात. याचें कारण असें कीं, मांजर म्हणजे लहान कुत्रें नव्हे व लहान वासरूंही नव्हे. त्याच्या शरीराचा व्यापार पुष्कळ बाबतींत निराळा आहे, आणि या निराळेपणाचें ज्ञान हाच मांजरांच्या वैद्यकाच्या उच्च शिक्षणाचा गाभा होय.

पहिली गोष्ट औषधांची. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी आज घरोघरीं असते. माणसाच्या यकृतांत हें औषध बहुतांशीं दुसऱ्या द्रव्यांशीं जोडलें जाऊन निरुपद्रवी होतें व लघवीवाटे निघून जातें. मांजराच्या यकृतांत ही जोडणी करण्याची शक्ति फार थोडी असते. त्यामुळें औषधाचें विष बनतें, रक्तांतील प्राणवायु वाहून नेणारा तांबडा अंश बिघडतो, हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसूं लागतात, तोंड व पंजे सुजतात, लघवी काळपट होते. तीन-चार किलो वजनाच्या मांजरास ५०० मिलिग्रॅमची एक गोळी प्राणघातक ठरूं शकते. यावर अ‍ॅसेटिलसिस्टीन नांवाचा उतारा आहे, परंतु तो लवकरांत लवकर मिळाला तरच उपयोगीं पडतो. अ‍ॅस्पिरिनचेंही तसेंच. कुत्र्याच्या रक्तांतून त्याचा निम्मा अंश कांहीं तासांत निघून जातो. मांजराच्या रक्तांत तो दीड दिवसाहून अधिक काळ रेंगाळतो. दिवसांतून दोनदां गोळी दिली तर पहिली उतरण्यापूर्वींच दुसरी व तिसरी तिच्यावर सांचत जाते.

दुसरी गोष्ट गोचिडांच्या औषधांची. ही शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत ठेवावी. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन वगैरे एकाच जातीचीं औषधें गुरांस किंवा कुत्र्यांस लावतात व तीं त्यांस सोसतात. मांजरास तीं, विशेषतः परमेथ्रिन, मुळींच सोसत नाहीं. आमच्या गांवांत एका घरीं बैलांस लावून उरलेलें औषध पिसवांसाठीं मांजराच्या अंगावर चोळलें. संध्याकाळीं तें थरथरूं लागलें व उत्तररात्रीं झटके येऊन मेलें. मालकास वाटलें, कोणीतरी विष घातलें. औषध तेंच होतें, हातही मायेचाच होता. प्राणी मात्र निराळा होता.

तिसरी गोष्ट उंदरांच्या विषाची. ब्रोमॅडिओलोनसारखें विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाहीं. दोन-चार दिवस मंदपणें फिरतो, आणि असाच उंदीर मांजराच्या हातीं सहज लागतो. या विषानें रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. मांजरानें असे उंदीर वारंवार खाल्ले तर त्याच्याही अंगांत रक्तस्राव होऊं शकतो. वेळीं ओळखलें तर ‘के-१’ जीवनसत्त्व कांहीं आठवडे देऊन प्राण वाचवितां येतो. झिंक फॉस्फाईड या काळ्या भुकटीवर मात्र खास उतारा नाहीं. लक्षणांप्रमाणें उपचार करीत राहावें लागतें. कोणतें विष घातलें होतें हें पशुवैद्यास सांगणें म्हणूनच अगत्याचें आहे.

आतां अन्न व रक्त यांविषयीं. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नांवाचें पोषकद्रव्य त्यास आपल्या शरीरांत पुरेसें बनवितां येत नाहीं. त्याच्या अभावीं मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजतो हें १९७५ सालीं, आणि हृदय फुगून दुबळें होतें हें १९८७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. हें द्रव्य मांस-मासळींत असतें; धान्यांत नसतें. उंदीर धरणाऱ्या मांजरास तें उंदरांतून मिळतें, परंतु बांधून ठेवून केवळ दूधभाकरीवर पोसलेलें मांजर हळूहळू क्षीण होतें. तसेंच लठ्ठ मांजरानें कांहीं दिवस अन्न टाकलें तर त्याच्या यकृतांत चरबी सांचून जीव धोक्यांत येतो. म्हणून “दोन दिवस लंघन करूं द्या,” हा आपला घरगुती उपाय येथें चालत नाहीं. रक्ताचे ए, बी व एबी असे तीन मुख्य गट मांजरांत आहेत. कुत्र्यास पहिल्या वेळीं परक्या गटाचें रक्त बहुधा सोसतें. बी गटाच्या मांजरास ए गटाचें रक्त पहिल्याच वेळीं दिलें तरी तें मरूं शकतें. गट तपासल्यावांचून रक्त देऊं नये हा धडा म्हणून प्रथम शिकवावा लागतो.

शस्त्रक्रियेंतही असेच बारकावे आहेत. भूल दिल्यावर श्वासनलिकेंत नळी घालतांना मांजराचा कंठ चटकन् आवळतो. तेथें बधिर करणारें औषध लावून क्षणभर थांबावें लागतें. देह लहान असल्यामुळें भुलेखालीं तो लवकर थंड पडतो, म्हणून ऊब देत राहावें लागतें. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशीं फारच अरुंद असतो. त्यांत खर व चिकट द्रव्य अडकलें म्हणजे बोका वारंवार लघवीस बसतो, ओरडतो, परंतु थेंबही पडत नाहीं. घरचे लोक समजतात कीं त्यास मलावरोध झाला आहे, आणि एरंडेल पाजतात. इकडे रक्तांत पोटॅशियम वाढून हृदय बंद पडण्याची वेळ येते. दोन-तीन दिवसांत प्राण जातो. शिकलेला पशुवैद्य प्रथम हृदय सांभाळतो, मग भूल देऊन बारीक नळीनें मार्ग मोकळा करतो. अडथळा पुनःपुन्हां होऊं लागला तर शस्त्रक्रियेनें मूत्रमार्गाचें तोंड रुंद करून देतो. हें काम पुस्तक वाचून येत नाहीं. जाणत्याच्या हाताखालीं हात बसवावा लागतो.

याशिवाय मांजर आपलें दुखणें लपवितें. बैल खाणें सोडतो, कुत्रें कण्हतें; मांजर कोपऱ्यांत जाऊन निमूट बसतें. दवाखान्यांत कुत्र्यांच्या भुंकण्यानें तें इतकें भितें कीं त्याची नाडी व अंगाची उष्णता भीतीनेंच वाढते, आणि तपासणी फसते. मानगूट धरून दाबण्याऐवजीं जाड टॉवेलांत गुंडाळून, शांत जागीं, थोडक्यांत तपासावें, असें आतां शिकवितात. २०१२ सालापासून ब्रिटन व अमेरिकेंत या कसोट्यांस उतरणाऱ्या दवाखान्यांस ‘मांजरांस अनुकूल’ म्हणून मान्यता देण्याची पद्धत सुरू झाली आहे.

हें ज्ञान एका दिवसांत जमलेलें नाहीं. ब्रिटनमध्यें १९५८ सालीं मांजरांच्या आरोग्याकरितां स्वतंत्र संस्था निघाली. १९६४ सालीं ग्लासगो येथें विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांजरांतील रक्ताच्या कर्करोगास कारण होणारा विषाणु शोधून काढला. १९७४ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत मांजरांच्या आरोग्याचें केंद्र उघडलें, आणि १९८६ सालीं कॅलिफोर्नियांत डेव्हिस येथें नील्स पेडरसन प्रभृतींस रोगप्रतिकारशक्ति खचविणारा दुसरा विषाणु सांपडला. आज त्या देशांत पदवीधर पशुवैद्यास मांजरांच्या वैद्यकांत विशेषज्ञ होतां येतें. त्यासाठीं कांहीं वर्षें जाणत्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं काम करणें, पाहिलेल्या रुग्णांच्या नोंदी सादर करणें व कठीण परीक्षा देणें, असा क्रम असतो. ज्यांस नोकरी सोडून जातां येत नाहीं त्यांच्यासाठीं घरबसल्या पुरे करावयाचे अभ्यासक्रमही आहेत.

आपल्याकडे पशुवैद्यकाचा पाया मुख्यतः घोडा व गुरें यांच्यासाठीं घातला गेला. मुंबईंतील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. आमच्या मराठवाड्यांत परभणीचें महाविद्यालय १९७२ सालचें. आज हीं दोन्ही २००० सालीं नागपूर येथें स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालीं आहेत. पदवीचा अभ्यास प्रत्यक्ष कामाच्या एका वर्षासह साडेपांच वर्षांचा असून त्यापुढें पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचें आहे. त्याच्या मुख्य शाखा औषधोपचार, शस्त्रक्रिया व क्ष-किरणशास्त्र, प्रसूतिशास्त्र अशा विषयवार आहेत. मांजर बहुधा ‘लहान प्राणी’ या सदरांत कुत्र्याच्या मागें उभें असतें. मुंबईंत महालक्ष्मी भागांत २०२४ सालीं लहान प्राण्यांचें मोठें रुग्णालय सुरू झालें. परंतु कुरुंद्याचा शेतकरी पिशवींत मांजर घालून मुंबईस जाणार नाहीं. त्याला जवळचें ठिकाण परभणी.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. एक, परभणीसारख्या महाविद्यालयांनीं नोकरींत असलेल्या पशुवैद्यांसाठीं मांजरांचें वैद्यक व शस्त्रक्रिया यांचे थोड्या दिवसांचे वर्ग नेमानें भरवावे, व त्यांत व्याख्यानापेक्षां हातानें करावयाच्या कामास अधिक वेळ द्यावा. दोन, प्रत्येक तालुक्यांतील निदान एका पशुवैद्यास हें शिक्षण मिळावें. तीन, तालुक्याच्या दवाखान्यांत बारीक नळ्या, ‘के-१’ जीवनसत्त्व, अ‍ॅसेटिलसिस्टीन व ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा कांटा एवढें साहित्य असावें. शिकलेला डॉक्टर व रिकामें कपाट यांचा मेळ बसत नाहीं. आपल्या मंडळानें या आशयाचा अर्ज योग्य त्या ठिकाणीं करावा अशी आमची विनंती आहे.

तोंपर्यंत शेतकरी बंधुभगिनींनीं पुढील गोष्टी पाळाव्या:

१. माणसाची कोणतीही गोळी मांजरास देऊं नये. गुरांचें किंवा कुत्र्याचें गोचिडांचें औषध त्याच्या अंगास लावूं नये. चुकून लागलें तर कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुऊन, कोरडें करून, उबेंत ठेवून लगेच पशुवैद्य गांठावा.

२. उंदरांचें विष घातल्यास मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावे व विषाचें वेष्टन जपून ठेवावें.

३. बोका लघवीस बसून लघवी होत नसेल तर एक रात्रही वाट पाहूं नये.

४. पिल्लें आठ-नऊ आठवड्यांचीं झाल्यावर पशुवैद्यास विचारून त्यांस लसी टोंचाव्या. ओकारी, हगवण व ताप यांनीं पिल्लें एकामागून एक मरतात असा एक सांसर्गिक रोग आहे. त्यावर लस हाच खरा उपाय. पिसाळीची लसही वेळच्या वेळीं द्यावी.

५. मांजर चावल्यास किंवा त्यानें ओरबाडल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें. हळद, चुना, तिखट कांहींही जखमेंत भरूं नये.

६. मांजरी चार-पांच महिन्यांची असतांनाच गाभण राहूं शकते व सुमारें ६३ ते ६५ दिवसांनीं विते. नको असलेलीं पिल्लें पोत्यांत घालून ओढ्याकांठीं सोडण्यापेक्षां तिची शस्त्रक्रिया वेळीं करून घेणें हें अधिक शहाणपणाचें व अधिक माणुसकीचें आहे.

मांजर पगार मागत नाहीं, वैरण मागत नाहीं, कागदावर नांवही मागत नाहीं. त्याच्या मोबदल्यांत त्यास निदान चुकीच्या औषधानें मरण येऊं नये, इतकी व्यवस्था करणें आपल्या हातांत आहे. एवढें झालें तर कणगीची राखण व घरची दया हीं दोन्हीं साधतील.