दहा हजार नोकरदारांत गिऱ्हाईक किती?

हिंजवडी किंवा खराडीच्या आयटी पार्कासमोर गाळा बघायला गेलं की एजंट आधी समोरच्या इमारतीकडे बोट दाखवतो. “दहा लाख स्क्वेअर फूट आहे साहेब. माणशी शंभर फूट धरा, दहा हजार माणूस रोज खाली उतरतो.” भागाकार बिनचूक आहे, घोळ त्याच्या आधीही आहे आणि नंतरही.

दहा लाख हा आकडा बहुधा लोडिंगसह सांगितलेला असतो. लॉबी, लिफ्ट, जिने, डक्ट सगळं त्यात आलं. टेबलं लागतात ती कार्पेटवर. उदाहरणापुरतं कार्पेट 70 टक्के धरू, म्हणजे 7 लाख फूट. त्यातली 85 टक्के जागाच भाड्याने गेली असेल तर उरले 5 लाख 95 हजार. आता शंभराने भागा: 5,950. आणि या झाल्या खुर्च्या, माणसं नव्हेत.

शंभर फूट हाही ठोकताळाच. कॉल सेंटरात माणसं दाटीने बसतात, प्रयोगशाळा असलेल्या कंपनीत ऐसपैस. राष्ट्रीय इमारत संहितेत कार्यालयासाठी माणशी 10 चौरस मीटर, म्हणजे साधारण 107 चौरस फूट दिले आहेत, म्हणून काही जण तोच पुरावा पुढे करतात. पण ते माप आग लागल्यावर माणसं बाहेर पडायला जिने-दारं किती रुंद हवीत, हे ठरवण्यासाठी आहे. त्यावर चहाचा गल्ला मांडू नये.

खुर्च्या तितकी माणसं, हा दुसरा समज दोन्ही बाजूंनी फसतो. दोन पाळ्यांत चालणाऱ्या ऑफिसात एका खुर्चीवर दोघे बसतात. मात्र रात्रपाळीचा माणूस दुपारच्या थाळीला कामाचा नाही, त्याला पहाटे अंडाभुर्जी हवी. उलट, 2020 नंतर हायब्रिड पद्धत रुळली. आठवड्यात तीनच दिवस यायचं असेल तर लोक सहसा मधले दिवस निवडतात. रोज सरासरी 60 टक्के येतात असं धरलं तर 5,950 चे 3,570 होतात. बुधवारी गाळा बघून भारावलेल्याने शुक्रवारी पुन्हा चक्कर मारावी.

या साडेतीन हजारांतही गिऱ्हाईक कोण, हा खरा प्रश्न. हिंजवडीत इन्फोसिससारख्या कंपन्यांची स्वतंत्र आवारं आहेत, आतच फूड कोर्ट आहे. कुणी घरून डबा आणतं, कुणी मोबाइलवरून मागवतं. एक तृतीयांश बाहेर पडले असं मानलं तरी 1,190, आणि तेही रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत वाटले जाणार. मधे दुभाजक असेल आणि वळसा घालावा लागत असेल, तर जेवणाच्या पाऊण तासात पलीकडे कोण येणार? गेटापासूनचं अंतर चालून मोजावं; नकाशावरचं सरळ अंतर पायांना उपयोगी नाही.

माझ्या मते सगळ्यात महागात पडतो तो समज वेगळाच आहे: गळ्यात ओळखपत्र असलेलाच गिऱ्हाईक. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगच्या बायका, कॅबचे ड्रायव्हर, डिलिव्हरीची पोरं, शेजारच्या बांधकामावरचे मजूर हे चौरस फुटांच्या भागाकारात कुठेच नसतात. पण त्यांच्यापैकी अनेकांना घरून काम करता येत नाही. चहा, वडापाव, राइसप्लेट, रिचार्ज यांचा धंदा बऱ्याच ठिकाणी याच लोकांवर उभा असतो. सॅलडचा कॅफे काढणाऱ्याला ते चालणार नाहीत, हे खरं. म्हणून आधी माल ठरवावा आणि मग माणसं मोजावीत.

दिवसांचंही तसंच. वर्षातले 104 शनिवार-रविवार आणि दहा-बारा सुट्ट्या वजा केल्या की कामाचे दिवस अडीचशेच्या आसपास राहतात. भाडं मात्र बारा महिन्यांचं द्यायचं. जवळ सोसायट्या असतील तर सुट्टीच्या दिवशी थोडा आधार, नसतील तर शटर खाली.

म्हणून टोकन देण्याआधी गेटासमोर उभं राहून मोजणी करावी. सोमवार, बुधवार, शुक्रवार. साडेबारा ते अडीच, आणि संध्याकाळी सुटायच्या वेळी. बाहेर पडणारे वेगळे, आपल्या बाजूला वळणारे वेगळे आणि हातात काही घेऊन परतणारे वेगळे मोजावेत. कंपनीची बस गेटातूनच भरून जात असेल तर संध्याकाळचा आकडा सोडूनच द्यावा. जमल्यास मोजणीचा एक दिवस जुलैतला ठेवावा: धो धो पावसात रस्ता ओलांडून किती जण येतात, यावर पावसाळ्याचे चार महिने ठरतात.