मीठ बघ

सटाण्यातल्या कुठल्याही घरात आई सांगते, ‘आमटीत मीठ बघ.’ आता मीठ काय डोळ्यांना दिसतं? ते जिभेलाच कळतं. तरी आपण ‘बघ’ म्हणतो. तेल तापलं हे मोहरी तडतडून सांगते, बेसन भाजल्याचं वासावरून कळतं, भाताचं पाणी बोटाच्या पेरावर मोजतात. म्हणजे डोळस माणूसही अर्धा स्वयंपाक कान, नाक, हातानंच करतो.

मग अंध मुला-मुलींना आपण शेगडीजवळून का उठवतो? भाजेल म्हणून. माया खरी आहे. पण भाजण्यावर उपाय शिकवण्याचा आहे. आधी भांडं नीट बसवायचं, मग गॅस पेटवायचा. मीठ-साखरेच्या डब्यांपैकी एकाला रबर लावायचं. डबा रोज त्याच जागी ठेवायचा, आणि हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सन्मानानं जगण्याचा हक्क मान्य केला. कायद्याच्या पानावरचा हा हक्क जेवणाच्या पानावरही यायला हवा. प्रश्न नुसता पोटाचा नाही. डबा कुणीही आणून देईल. पण ज्याला कायम दुसऱ्यानंच वाढायचं, तो स्वतःच्या घरात पाहुणाच राहतो. दारी आलेल्याला ‘बसा, भाकरी टाकते’ असं म्हणता आलं, की माणूस घरचा होतो.