बिबट्या खरा, पण कोणता?

जुन्नर-आंबेगावात ऊसतोड सुरू झाली की बिबटे फडातून बाहेर पडतात आणि मोबाइलमध्ये शिरतात. ‘आत्ताच मळ्यात दिसला, पोरांना बाहेर सोडू नका’ एवढाच मजकूर. फोटोखाली ना गाव, ना तारीख. तोच बिबट्या सकाळी मंचरचा असतो, रात्री ओतूरचा होतो. अलीकडे त्यात एआयने रंगवलेल्या बिबट्यांची भर पडली आहे.

मग सल्लेही फिरतात: नखं मोजा, मिशा बघा, सावली तपासा. पुढचं मॉडेल नखं बरोबर काढील, की हे ज्ञान निकामी! शिवाय परराज्यातला दोन वर्षांपूर्वीचा अस्सल फोटो या सगळ्या परीक्षा पास होतो. चित्र खरं, जागा खोटी. या फसवणुकीला एआय लागतच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. वेग कमी झाला, ‘कुठला?’ आणि ‘कधीचा?’ हे प्रश्न तसेच राहिले.

गंमत अशी, की हेच प्रश्न जुन्नरच्या बिबट्यांबाबत एका शास्त्रज्ञ बाईंनी फार आधी विचारले होते. गावाजवळ दिसलेला बिबट्या पकडायचा आणि दूर जंगलात सोडायचा, हा उपाय २००१पासून इथे धडाक्याने सुरू झाला. दिसायला शहाणपणाचाच. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचं आढळलं. त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. बिबट्या दिसताच वाजणाऱ्या एआय सायरनच्या बातम्यांना जेवढी जागा मिळते, तिच्या निम्मी तरी या कामाला मिळायला हवी होती.

पकडलेल्या बिबट्याच्या शेपटीजवळ तांदळाएवढी चिप बसवायची पद्धत याच कामातली. तिला बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या फास्टॅगसारखी, वाचक यंत्र जवळ आलं की आपला क्रमांक सांगते. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ हा नर चिप आणि जीपीएस पट्टा लावून माळशेज घाटात सोडला गेला. पठ्ठ्या महिनाभरात रेल्वेमार्ग, महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला! सुमारे १२० किलोमीटर. २०११च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला, तेव्हा ओळख पटली ती चिपमुळेच.

चिप नसेल तर अंगावरचे ठिपके बघावे लागतात. पण डाव्या कुशीची नक्षी उजवीसारखी नसते. म्हणून अभ्यासक पायवाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. नाही तर एकाच जनावराचे दोन बिबटे मोजले जातात. ग्रुपवर तर एकाचे दहा सहज होतात.

मोबाइलने काढलेल्या फोटोत वेळ असते, लोकेशन चालू असेल तर जागाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा धाडला की दोन्ही गळून जातात; तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर शाबूत राहतात. वनरक्षकाला पिंजरा कोणत्या बांधावर लावायचा हे ठरवायचं असतं, त्याला या दुसऱ्या फोटोचा उपयोग.