मराठवाड्याचे वडील : गोविंदभाई

माहूरगडाखालून पैनगंगा ओलांडली कीं वऱ्हाड लागे. अलीकडे निजामाचें राज्य. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामांत हद्दीवरील शिबिरांस त्या पलीकडच्या भूमीचाच आसरा होता. संग्रामाच्या कृतिसमितींत गोविंदभाई श्रॉफ होते. जन्म १९११, विजापूरचा. गणिताची उच्च पदवी कलकत्त्याची. औरंगाबादेस शिक्षकाची नोकरी. तीवर पाणी सोडून ते लढ्यांत उतरले. सरकारी नोकरी सुटली म्हणजे त्या काळीं घरांत केवढा गहजब होई, हें वाचकांस सांगणें नलगे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबादचा लढा संपला. पुष्कळांचें सैनिकपण तेथेंच सरलें, यांचें नाहीं. घरचा कर्ता वडील शेवटच्या पंक्तीच्या पानावरही तूप पडलें कीं नाहीं हें पाहतो, त्याच दृष्टीनें ते राज्याच्या वाटणींत मराठवाड्याचें पान पाहूं लागले. सरस्वती भुवन शिक्षण संस्था, १९७४ चें विकास आंदोलन, ब्रॉडगेज रेल्वेची मागणी, सर्वत्र हिशेब एकच. हा हट्ट कित्येक मंत्र्यांस टोचला. टोचावयासच हवा होता. १९९२ सालीं पद्मविभूषण मिळालें, तरी हिशेब मिटला नाहीं. १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळ आलें. २१ नोव्हेंबर २००२ रोजीं, वयाच्या ९२ व्या वर्षीं, गोविंदभाई गेले. त्या मंडळाची मुदत २०२० सालीं सरली, तेव्हां विचारणारा हा वडील घरांत नव्हता.