वरचा रुपया आणि अर्धा मुहूर्त

लग्नसराईच्या दिवसांत स्टेशनरीच्या कोणत्याही दुकानात आहेराची पाकिटे मागितली, तर दुकानदार जो गठ्ठा समोर टाकतो त्यातील बहुतेक पाकिटांवर, गणपतीच्या चित्राशेजारी, एक रुपयाचे नाणे आधीच चिकटवलेले असते. आत शंभराची नोट घालायची की पाचशेची, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि नात्याच्या जवळिकीचा प्रश्न; वरचा रुपया मात्र पाकीट करणाऱ्यानेच गृहीत धरलेला, कारण पाचशे ही नुसती रक्कम आणि पाचशे एक हा आहेर, हा भेद या मुलखात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शून्यावर हिशेब मिटतो, एकाने तो पुढे चालू राहतो. ज्या घराशी नाते जोडायचे त्या घराच्या खात्यावर काही बाकी ठेवूनच उठावे, असा त्या रुपयामागचा भाव आहे.

हेच पाकीट घेऊन आपण देशोदेशींच्या मंडपांत हिंडू लागलो, तर मात्र पाऊल जपून टाकावे लागेल. जपानात वधूवरांना द्यावयाच्या नोटांची संख्या विषम असावी असा दंडक आहे, कारण जी रक्कम दोघांत सारखी वाटली जाते ती ताटातुटीची सूचना मानतात. तेथे आपला विषमाचा आग्रह आपल्याला तारून नेईल. समुद्र ओलांडून चीनमध्ये गेलो, की शुभ गोष्टी जोडीने येतात या समजुतीपायी लग्नाच्या तांबड्या पाकिटात सम रक्कम हवी असते, आणि विषम रक्कम पांढऱ्या पाकिटातून मृताच्या घरी जाते. रशियात पैशाऐवजी फुले नेली तरी सुटका नाही. जिवंत माणसाला तीन, पाच किंवा सात फुले द्यायची आणि सम संख्येची फुले दफनासाठी राखून ठेवायची, हा तेथील रिवाज फुलवाल्यालाही पाठ असतो.

एवढे पाहिल्यावर, संख्येत मुळात शुभाशुभ काही नाही, सारा मनाचा खेळ आहे, असे म्हणून एखादा शहाणा मोकळा होईल. त्याचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे; कारण मनाने हाच खेळ का मांडला आणि याच आकड्यावर का मांडला, हा खरा कुतूहलाचा प्रश्न त्यातून निसटतो. त्याचा माग काढू लागले म्हणजे असे आढळते, की संख्यांचे अर्थ पुष्कळदा माणसाच्या जिभेत आणि लिपीत दडलेले असतात, आणि रंगांचे अर्थ त्याच्या मातीत आणि पदरच्या पैशात.

चिनी भाषेत चार या अंकाचा उच्चार 'स्स' असा काहीसा होतो आणि मृत्यूचाही तसाच, फरक काय तो स्वराच्या चढउताराचा. ही चिनी अक्षरे जपानने आणि कोरियाने उचलली तेव्हा त्यांच्याबरोबर तो ध्वनी आणि त्या ध्वनीबरोबर ते भयही तिकडे गेले, आणि आज त्या प्रदेशांतल्या कित्येक इमारतींच्या उद्वाहनात तीननंतर एकदम पाच येतो. उलट आठाचा 'बा' हा भरभराटीच्या 'फा' शी यमक जुळवतो, म्हणून बीजिंगच्या ऑलिंपिकचे उद्घाटन २००८ सालच्या आठव्या महिन्याच्या आठव्या दिवशी रात्री ८ वाजता झाले. एवढ्या बलाढ्य राष्ट्राने एका यमकाला दिलेला हा मान पाहून आपल्याला हसू येईल. पण शुभकार्यात दिवा विझवताना 'दिवा वाढवा' म्हणणाऱ्यांनी फार मोठ्याने हसू नये.

कानाने जे चीनमध्ये केले ते इटलीत डोळ्यांनी केले. बाकीचा युरोप तेराला भितो, आणि त्यामागे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाला बसलेल्या तेरा जणांची कथा सांगतात. इटालियन माणसाचे भय मात्र सतरावर आहे. रोमन लिपीत सतराची चिन्हे जागा बदलून मांडली की 'विक्सी' हा लॅटिन शब्द तयार होतो. त्याचा अर्थ 'मी जगलो', म्हणजे आता जगत नाही. रेनो या फ्रेंच कंपनीने आपली 'सतरा' नावाची मोटार इटलीत विकायला काढली, तेव्हा तिचे नाव '१७७' असे करून घेतले.

यावर इटालियनांची कीव करण्याआधी आपण आपला छत्तीसचा आकडा आठवावा. ३६ असे लिहिले की तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात, भांडलेल्या जावांसारखे; ६३ लिहिले की तेच दोघे समोरासमोर येतात. ही सारी करामत देवनागरी वळणाची आहे. तीच संख्या रोमन चिन्हांत मांडली, तर तिच्यात भांडण शोधूनही सापडणार नाही. लिपी बदलली की अपशकुन विरून जावा, याहून त्याच्या उगमाचा वेगळा पुरावा तो कोणता?

तरीही अर्थ एकदा रूढ झाला म्हणजे तो एकेरी राहतो असे नाही. बारा ही संख्या घ्या. मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशी ते पाळण्यात घालून त्याचे नाव ठेवतात, म्हणून त्या विधीला बारसे म्हणतात; माणूस गेल्यावर बाराव्या दिवशी त्याला पितरांच्या पंक्तीत बसवतात, ते त्याचे बारावे. 'तुझ्या बारशाला जेवलोय मी' असे ज्या म्हाताऱ्याने कोणाला ऐकवले, त्याच्या बाराव्याला तोच पोरगा पंक्तीत वाढतो. शब्द जवळजवळ एक, दिवस एक, आणि मध्ये सगळे आयुष्य.

संख्या अशी कानाडोळ्यांवाटे मनात शिरते. रंग मात्र अंगावर नेसावा लागतो, आणि नेसायचा म्हणजे तो मातीतून, मुळांतून, किड्यांतून किंवा शिंपल्यांतून आधी पैदा करावा लागतो. भूमध्य समुद्राच्या काठी टायर येथे गोगलगाईच्या जातीच्या एका जलचरापासून जांभळा रंग काढीत. १९०९ साली फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने तो पुन्हा काढून पाहिला, तेव्हा १२,००० जीवांपासून त्याच्या हाती अवघा १.४ ग्रॅम रंग लागला. ज्या रंगाचा हा भाव, तो रोमन सम्राटाचा झाला यात नवल काय! पुढे १८५६ मध्ये लंडनच्या विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने, क्विनीन बनवण्याच्या खटपटीत, डांबरापासून जांभळा रंग हस्तगत केला, आणि सम्राटाचे राजचिन्ह काही वर्षांतच बाजारातल्या फितींवर येऊन बसले.

खर्चिक रंग वैभवाचा, तसा रंगाचा अभाव शोकाचा. चीनमध्ये आईबापांच्या मृत्यूनंतर मुले न रंगवलेले जाडेभरडे तागाचे वस्त्र घालीत, आणि त्या कोऱ्या पांढरेपणात सर्व शोभेचा त्याग होता. युरोपने शोकासाठी काळा पत्करला, पण तोही एकमुखाने नव्हे. फ्रान्सच्या राजघराण्यातील विधवा एके काळी पांढऱ्या वस्त्रांत शोक पाळीत. आज पाश्चात्त्य वधूचा म्हणून जो पांढरा पोशाख जगभर ओळखला जातो, त्याचे चलन मुख्यतः १८४० साली राणी व्हिक्टोरियाने लग्नात तो घातल्यापासून वाढले. आणि १८६१ मध्ये पती वारल्यावर त्याच राणीने मरेपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, काळा पोशाख सोडला नाही. गोव्यात या राणीची आणि आपल्या आज्यांची गाठ एकाच लग्नात पडते: ख्रिस्ती नवरी चर्चमध्ये पांढऱ्या झग्यात उभी राहते आणि पुढे तांबडा साडो नेसते, आणि तिच्या हातात आधीच मामाच्या घरचा चुडो भरलेला असतो.

तांबडा सौभाग्याचा, असे आपण बेलाशक म्हणतो. पण जुन्या वाड्यातले एक दृश्य डोळ्यांपुढे आणावे: देवघराशी बसलेल्या सुनेच्या कपाळी तांबडे कुंकू, आणि माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, केशवपन केलेल्या डोईवरून पदर ओढून बसलेल्या आत्याबाईंचे आलवण, तेही तांबडेच. एकाच छपराखाली एकाच रंगाने एकीला मान दिला आणि दुसरीला कोपरा दिला. देशोदेशींची तफावत आपण कौतुकाने वाचतो. ही घरातली तफावत मात्र पिढ्यानुपिढ्या कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही.

काळ्याची गोष्ट याहून मायेची आहे. प्राचीन इजिप्तचे लोक आपल्या देशाला 'केमेत' म्हणजे काळी भूमी म्हणत, कारण नाईलच्या पुराने आणलेल्या काळ्या गाळात त्यांचे अन्न उगवे. पलीकडचे उजाड वाळवंट ते तांबडी भूमी म्हणून वेगळे काढीत. आपल्या गावगाड्याच्या दफ्तरांतही गावाची वाटणी रंगानेच केलेली आहे: वस्तीची ती पांढरी, पिकाची ती काळी. काळ्या आईची शपथ घेणाऱ्या शेतकऱ्याला काळा रंग अभद्र आहे असे सांगून पटणार नाही, आणि संक्रांतीच्या थंडीत ऊब देणारी काळी चंद्रकळा नेसून, गळ्यात काळी पोत घालून वाण लुटायला निघालेल्या सवाष्णीलाही पटणार नाही.

शेवटी आपल्या खास घरच्या संख्येकडे यावे. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. मुत्सद्दी असून तलवारबहाद्दर नव्हते म्हणून नाना फडणीस त्यांत अर्धे. या अर्ध्याचे आपल्याला एवढे अगत्य का, याचे एक उत्तर मला जिभेतच सापडते. साडेतीनाला मराठीत 'औट' असा स्वतंत्र शब्द होता, आणि जुन्या शाळांतली पोरे पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणता म्हणता औटकीही घोकीत. अल्पजीवी सत्तेला औट घटकेचे राज्य म्हणणाऱ्या लोकांना साडेतीन ही मोडकी संख्या वाटतच नव्हती. ती रोजच्या मापातली, तोंडात बसलेली होती.

त्यातला अर्धा मुहूर्त, रूढ गणनेप्रमाणे, दिवाळीच्या पाडव्याचा. व्यापारी याच दिवशी नव्या वहीत पहिली नोंद करतो, आणि घरोघरी बायको नवऱ्याला ओवाळते. निरांजन फिरवून झाले की तो तबकात नोट टाकतो, क्षणभर थबकतो, आणि मग एका रुपयाचे नाणे हाती लागेपर्यंत सगळे खिसे चाचपत राहतो.