शहरी तळ्यातला सावध मासा
न्यूयॉर्क : सेंट्रल पार्कमधील ‘हार्लेम मीअर’ तळ्याच्या काठावर ‘लार्जमाउथ बास’ या शिकारी माशासाठी गळ टाकणारे अनेक, मासा मात्र सहजासहजी लागत नाही. येथे पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडणे बंधनकारक आहे. साहजिकच गळाचा अनुभव घेतलेले मासे तळ्यातच राहतात आणि अधिक सावध होतात. अशा वेळी तळ्याच्या मध्यावर गळ फेकण्यापेक्षा सकाळी लवकर, काठालगत, बारीक दोऱ्याला लावलेली मऊ रबरी अळी संथपणे ओढणे फलदायी ठरते. उलटा काटा नसलेलाच गळ वापरण्याची सक्ती असून शिशाच्या वजनांना बंदी आहे. कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघतो. म्हणून हात ओले करूनच मासा धरावा आणि तत्काळ सोडावा. सोडलेला मासा जगला, तरच या नियमाला अर्थ आहे.