पाचखेडची पांढर : तीन हजार वर्षांचं दफ्तर

यवतमाळ जिल्ह्यातला बाभूळगाव तालुका म्हटला की कपाशी, तूर आणि बेंबळा धरण डोळ्यापुढे येतं. याच तालुक्यातल्या पाचखेड या लहानशा गावातलं एक टेकाड मात्र आपल्याला लोहयुगापर्यंत घेऊन जातं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने डॉ. प्रबाश साहू यांच्या नेतृत्वाखाली २०२३-२४ मध्ये इथे उत्खनन केलं. तळाच्या वस्तीचं वय निघालं सुमारे तीन हजार वर्षं.

असं टेकाड तयार होतं ते माणसांच्या राहण्यातूनच. मातीचं घर काही पिढ्या टिकतं. मग पावसाने भिंत बसते, लोक ती सपाट करतात आणि त्याच जागी नवं घर बांधतात. त्यात चुलीची राख, शेण, हाडं, फुटकी मडकी मिसळत राहतात. सभोवारची शेतं काळीभोर आणि वस्तीची जागा तेवढी फिकट, असा भेद त्यामुळे दिसतो. गावोगावी लोक या जागेला पांढर म्हणतात. पाचखेडला असा थर जवळपास पावणेनऊ मीटर जाडीचा आहे. सरासरी काढली तर वर्षाला तीन मिलिमीटरही भरत नाही.

या थरांत चार काळ सापडले. तळाशी लोहयुग, त्यावर सातवाहनकाळ, मग मध्ययुग आणि सर्वांत वर निजामाची राजवट. त्या शेवटच्या काळात ही उंच जागा टेहळणीसाठी वापरात होती. १८५३ साली हा वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला.

सर्वांत मोलाचं आहे ते लोहयुगातलं घर. चुन्याची गोल जमीन, तिच्या कडेने लाकडी खांब आणि आत चूल. सोबत खापरं, लोखंडी व हाडांच्या वस्तू आणि निममौल्यवान दगडांचे मणी. विदर्भातलं लोहयुग आपल्याला कळतं ते मुख्यतः जुनापाणी, माहुरझरीसारख्या ठिकाणच्या शिळावर्तुळांमधून, म्हणजे मृतांच्या स्मारकांमधून. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, त्यातून त्या लोकांचं कसब समजलं. पण ती माणसं राहत कशी होती, रांधत कुठे होती, हे सांगायला घरच लागतं.

वय ठरवायला नमुने दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात गेले. सजीव जिवंत असेतो हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ त्याच्या अंगी येत राहतो. तो मेला की आवक थांबते आणि साठा घटू लागतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो, तीन हजार वर्षांनी सुमारे ७० टक्के उरतो. त्वरक यंत्रात हे अणू थेट मोजले जातात, म्हणून कोळशाचा कणही पुरतो. नमुना निवडताना मात्र जपावं लागतं. जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा चुलीपेक्षा शेकडो वर्षं जुना असू शकतो. जळकं धान्य एकाच हंगामाचं असल्याने अधिक भरवशाचं.

माणसांनी इथे परत परत वस्ती का केली असेल? उत्तर बरंचसं भूगोलात आहे. तालुक्याखालचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो झिजून झालेली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पावसाळा सरल्यावरही रब्बीचं पीक तग धरतं. याच मातीत चुनखडीचे खडे मिळतात, ज्यांचा चुना होतो. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक तयार होतो, ज्याचे मणी होतात. वर्धा नदीही फार लांब नाही, आणि तिच्याच काठी कौंडिण्यपूरचं प्राचीन नगर होतं.

जिल्ह्यात अशी टेकाडं आणखी असतील, पण ती झपाट्याने संपतात. पांढरीची माती कसदार म्हणून शेतात टाकली जाते, घरांना वापरली जाते, रस्त्याच्या भरावातही जाते. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत कित्येक पिढ्यांचा थर निघून जातो आणि विस्कटलेले थर पुन्हा लावता येत नाहीत. म्हणून ग्रामपंचायतींनी आपापल्या पांढरीची नोंद करून ठेवावी, तिथली खोदाई थांबवावी आणि खापरं, मणी, लोखंड दिसलं तर हात न लावता तहसीलदारांना कळवावं. लेखी कागद नसलेल्या आपल्या पूर्वजांचं दफ्तर एवढंच आहे. ते राखणं गावाच्याच हाती आहे.